आमच्या गल्लीचे अठरा लाख कमानीला गेले! स्थायी समितीत नक्की चालतं काय?

पागोळी (६ मार्च, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या सोसायटीतले दोघेतिघे इथे असतात आणि उद्या सकाळी दूधवाल्यासमोर वाद नकोत.

आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी तुंबतं. तळमजल्यावरच्या आजी दाराला आडवी फळी लावतात, फळीला वाळूची पोती, आणि त्या पोत्यांवर मांजर बसतं. तीन वर्षं अर्ज केल्यावर गेल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आमची पावसाळी लाईन आली. ते जाडजूड पुस्तक मी स्वतः उघडून बघितलंय. पान, ओळ, गल्लीचं नाव, समोर रक्कम: अठरा लाख. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

यंदाचा फेब्रुवारी सरला तरी एक फावडं पडलं नाही. म्हणून वॉर्ड ऑफिसात गेले. जेई (कनिष्ठ अभियंता) साहेब मान वर न करता म्हणाले, "मॅडम, त्या हेडचं वर्गीकरण झालं." म्हटलं, म्हणजे काय? "म्हणजे पैसे दुसरीकडे वळले." कुठे? तर चौकातल्या स्वागत कमानीला!

छापलेल्या अंदाजपत्रकातली रक्कम अशी परस्पर हलवता येते का? हलवतं कोण? आणि आपल्याला कळवायची काही पद्धत असते की नाही?

कांदाभजी (६ मार्च, रात्री ११:०५)

ताई, उत्तर सोपं आहे. जानेवारीत मतदान झालं, नवे नगरसेवक आले, नव्या समित्या बसल्या. कमान उभी राहिली की वर नाव झळकतं. गटारावर कोण नाव घालतं?

जुना_टिपणीकार (७ मार्च, सकाळी ६:२०)

पागोळीताई, एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात ३१ वर्षं विषयपत्रिका बांधल्या, तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क समजतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी 'महापालिकेनं ठरवलं' हे वाक्य डोक्यातून काढा. मुंबईचा स्वतःचा कायदा १८८८ चा आहे, बाकीच्या महापालिकांचा १९४९ चा. दोन्हीकडे मुख्य सभा वेगळी, स्थायी समिती वेगळी, आयुक्त वेगळे. टीव्हीवर राजदंड पळवताना दिसतात ती मुख्य सभा. पैशाचा दरवाजा मात्र स्थायी समिती. आमच्याकडे ती १६ जणांची. पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे जागा वाटल्या जातात. पहिलं वर्ष संपताना १६ चिठ्ठ्या टाकून ८ जण बाहेर काढतात, पुढे दरवर्षी ८ निवृत्त आणि ८ नवे. ती चिठ्ठी काढताना सभागृहात जी शांतता असते ती मी श्रद्धांजलीच्या ठरावालासुद्धा पाहिली नाही.

अध्यक्षाची मुदत एक वर्ष. म्हणजे त्याच्या हातात एकच अंदाजपत्रक. त्यामुळे पाच वर्षांत करायचं ते सगळं त्याला एकाच पुस्तकात बसवायचं असतं. निम्मे घोळ इथून सुरू होतात.

आता पुस्तक कसं फुगतं ते बघा. आयुक्त स्थायीपुढे अंदाज मांडतात. स्थायी त्यात फेरफार करते आणि अध्यक्ष ते मुख्य सभेत नेतात. मुख्य सभा उपसूचना, म्हणजे आपले फेरबदल, घालून मंजूर करते. आयुक्तांनी शंभर पानांची पंगत धरलेली असते, स्थायी सव्वाशे करते, मुख्य सभा दीडशे. भात शंभर जणांचाच शिजलेला. तुमची गल्ली कितव्या पानावर होती त्यावर सगळं अवलंबून.

दिवाळीनंतर लेखा विभागाच्या लक्षात येतं की जमेची बाजू लंगडी आहे. मग ज्या कामाची निविदा निघालेली नाही ते हेड, म्हणजे लेखाशीर्ष, पुस्तकातली त्या खर्चाची ओळ, 'मोकळं' दिसायला लागतं. मोकळं हेड आणि मोकळा प्लॉट, दोन्हींवर सगळ्यांचा डोळा. एका लेखाशीर्षावरची रक्कम दुसऱ्यावर नेणं म्हणजे वर्गीकरण. ते कायद्यात बसतं, आणि बसायलाच हवं. पूर आला, पूल खचला, तर पैसे कुठून तरी काढावे लागतातच. प्रस्ताव स्थायीपुढे येतो, तिथून मुख्य सभेत. म्हणजे तुमच्या अठरा लाखांचा ठराव कुठेतरी आहेच. त्याला क्रमांक आहे, तारीख आहे. तो शोधा.

कांदाभजी (७ मार्च, सकाळी ९:१५)

काका, पंगतीचं उदाहरण जबरी. पण म्हणजे मी म्हटलं तेच झालं ना? स्थायीतल्या १६ जणांनी कमान लावली.

जुना_टिपणीकार (७ मार्च, सकाळी ९:४०)

ठराव बघितल्याशिवाय मी कुणाचं नाव घेत नाही. सवय आहे.

तात्या_काँक्रीट (७ मार्च, दुपारी २:१०)

मी छोटा ठेकेदार. दोन महापालिकांत कामं केली, नावं सांगणार नाही, अजून बिलं अडकलीयत.

लोकांना वाटतं आम्ही आणि समिती एका ताटात जेवतो. असतील काही. माझ्यासारख्याचा अनुभव असा की काम मिळायला चार महिने, काम करायला दोन आणि बिल निघायला अकरा. मोजमाप पुस्तकात जेईची सही, मग डेप्युटी, मग कार्यकारी, मग लेखा. कुठेही एक शेरा पडला की फाईल परत खाली.

आता थोडी शब्दांची ओळख. 'पाच-दोन-दोन' असं ऐकलंत की समजा, निविदा न मागवता थेट काम द्यायचंय. नियमात तशी सोय आहे, पण स्थायीनं कारण लेखी द्यायला हवं. 'सदुसष्ट-तीन-क' म्हणजे आयुक्तांचा तातडीचा अधिकार. आधी काम, समितीला नंतर माहिती. दरड कोसळली तर ठीक. पण मी या कलमाखाली गणपती विसर्जनाचे मांडव घातलेत. गणपती कधी येणार हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं हो!

मोगरा_७ (७ मार्च, दुपारी ३:००)

तात्या, हे एक नंबर. आणि कामाचे तुकडे पाडतात त्याचं काय?

तात्या_काँक्रीट (७ मार्च, दुपारी ३:२५)

पाडतात. ठरावीक रकमेच्या आत काम बसलं तर ते समितीपुढे जात नाही, खालीच मंजूर होतं. माझ्या वेळी २५ लाखांच्या पुढचं काम स्थायीत जायचं. म्हणून एका रस्त्याचे तीन रस्ते व्हायचे: 'मारुती मंदिर ते पिठाची गिरणी', 'पिठाची गिरणी ते रिक्षा स्टँड', 'रिक्षा स्टँड ते पुढे'. तिसऱ्याला नावच सुचलं नव्हतं.

मुंबैकर_फलाट_चार (७ मार्च, रात्री ८:३०)

धाग्याला इतिहासाचा फाटा फोडतो, राग मानू नका.

स्थायी समिती आली कुठून? मुंबईत १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाला. माणूस कामाचा. गटारं, रस्ते, मंडई, सगळं धडाक्यात. पण हात इतका सैल की १८७१ मध्ये करदाते खवळले. वर्ष संपेपर्यंत हिशेब विचारायची सोयच नव्हती. त्या आंदोलनातून १८७२ चा कायदा आला. ६४ जणांची कॉर्पोरेशन, त्यात निम्मे करदात्यांनी निवडलेले, आणि पैशावर नजर ठेवायला १२ जणांची टाउन कौन्सिल. १८८८ च्या कायद्यात तिचीच स्थायी समिती झाली. म्हणजे ही समिती जन्मली तीच मुळी आयुक्ताच्या खर्चाला वेसण घालायला. आज ती काय घालते ते सोडा.

आमच्याकडे सदस्य २७. शिवाय सुधार, शिक्षण आणि बेस्ट या समित्या वेगळ्या. बेस्टचं अंदाजपत्रकसुद्धा वेगळं. तुमच्याकडे असे फाटे कमी.

शनिवारवाडी (७ मार्च, रात्री ९:१०)

मुंबैकर, क्रॉफर्डच्या त्या मंडईला आता महात्मा फुल्यांचं नाव आहे. पुण्यातल्या जुन्या रे मार्केटलाही त्यांचंच. आणि गंमत बघा, फुले स्वतः १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा विषय आला. ३२ नेमलेल्या सदस्यांत एकट्या फुल्यांनी विरोध केला. म्हणाले, हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या. अर्थात विषय मंजूर झाला.

पागोळीताई, स्वागत कमानीची परंपरा जुनी आहे, एवढंच सांगायचं होतं.

पागोळी (७ मार्च, रात्री ९:३०)

शनिवारवाडी, हसू की रडू!

खतावणी (८ मार्च, सकाळी ११:००)

मी व्यवसायानं सीए. काकांनी 'जमेची बाजू लंगडी' म्हटलं ते जरा उलगडतो, कारण खर्चावर सगळे बोलतात आणि जमेकडे कुणी बघत नाही.

पूर्वी जकात होती. नाक्यावर रोज रोख जमा. शहर वाढलं की जकात वाढायची, समितीनं थोडा फुगवटा धरला तरी वर्षअखेरीला निभावायचं. मग पुण्यासारख्या शहरांत एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली. आता राज्याकडून येतं ते जीएसटीचं अनुदान, दरमहा हप्त्यानं. ते काही तुमच्या आशावादानं वाढत नाही. हातात उरतं काय, तर मिळकत कर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. मिळकत कर वाढवायचा विषय निवडणुकीच्या आधी स्थायीत आला की दप्तरी दाखल, हे काकाच सांगतील. आणि बांधकाम शुल्क बाजारावर अवलंबून. म्हणून पुस्तकात जमा दाखवायची तर तिथेच मोठा आकडा धरतात.

आकडे मात्र छोटे नाहीत. २०२५-२६ साठी मुंबईचं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं, पुण्याचं १२,६१८ कोटींचं मांडलं गेलं. पुण्यानं जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, व्याज ७.५९ टक्के. रोखे काढले की निदान बाहेरचा कुणीतरी ताळेबंद वाचतो, पतमानांकन करतो. मला तेवढ्यासाठी तो प्रकार आवडला होता.

अजून एक. लेखापरीक्षणाचे अहवाल मागवून वाचा. मुख्य लेखापरीक्षकाचा अहवाल स्थायी समितीपुढे जातो. त्यात दोन शब्द शोधायचे: 'आक्षेपाधीन' आणि 'वसूलपात्र'. पहिल्यात कागद सापडत नाहीत, दुसऱ्यात सापडलेत आणि पैसे जास्त गेलेत. वर्षानुवर्षं तेच आक्षेप पुढे ओढलेले असतात. कामवालीच्या उचलीचा हिशेब आपण यापेक्षा कडक ठेवतो.

जुना_टिपणीकार (८ मार्च, सकाळी ११:४५)

'दप्तरी दाखल' बरोबर. त्याचा अर्थ: विषय मेला, पण खून झाला असं म्हणू नका. 'एक महिना तहकूब' म्हणजे कुणीतरी कुणाला तरी भेटायचं राहिलंय. 'आयत्या वेळचा विषय' म्हणजे छापील पत्रिकेत नव्हता, सभेत हातात आला. आणि 'उपसूचनेसह मान्य' दिसलं की मूळ विषय वाचू नका, उपसूचना वाचा. झाडांच्या कुंड्यांच्या विषयाला उपसूचना देऊन रस्ता मंजूर झालेला मी माझ्या हातानं इतिवृत्तात लिहिलाय.

सभा पंधरा मिनिटांत आटपायची. "विषय एक ते सत्तेचाळीस मान्य." खरी सभा त्याआधी दीड तास आतल्या खोलीत. चहा तिथे जायचा, आमच्याकडे रिकामे कप यायचे. कप मोजून आज किती जणांचं एकमत झालं ते कळायचं.

ओहायोकर (८ मार्च, रात्री ८:५०)

इथे आमच्या गावात कौन्सिलच्या वित्त समितीची बैठक खुली असते. कुणीही जाऊन बसावं, तीन मिनिटं बोलावं. मी एकदा पदपथावरच्या बर्फाबद्दल बोललो. तुमच्याकडे असं नाही?

मोगरा_७ (८ मार्च, रात्री ९:०५)

मुख्य सभेला गॅलरी असते, पास काढून बसता येतं. स्थायी समितीत आपल्याला प्रवेश नाही. म्हणजे भांडण बघा, हिशेब बघू नका.

(बर्फ हटला का?)

ओहायोकर (८ मार्च, रात्री ९:२०)

एप्रिलमध्ये. आपोआप.

मोगरा_७ (८ मार्च, रात्री ९:४५)

मूळ विषयाकडे येते. पागोळी, दोन उपयोगाच्या गोष्टी. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकेत जाऊन फाईल बघता येते. पुण्यात २००९ पासून हे सुरू होतं, २०१८ मध्ये शासनानं परिपत्रक काढून राज्यभर लावलं. माहिती अधिकाराच्या अर्जाचे तीस दिवस वाचतात. फक्त विभाग नेमका माहीत हवा. 'पावसाळी लाईन दाखवा' म्हटलंत तर चार टेबलं फिराल. काका सांगतात तसं ठरावाचा विषय आणि लेखाशीर्ष सांगा.

दुसरं, पुण्यात नागरिकांचं अंदाजपत्रक हा प्रकार २००६ पासून आहे. वॉर्ड ऑफिसात फॉर्म भरून पाच लाखांपर्यंतची कामं सुचवता येतात. तुमच्याकडे आहे का बघा. अठरा लाख त्यात बसणार नाहीत, पण चार चेंबर आणि जाळ्या बसतील.

कांदाभजी (८ मार्च, रात्री १०:१०)

खरं सांगू? मधली चार वर्षं निवडणुका झाल्या नव्हत्या, नगरसेवकांऐवजी प्रशासक होते तेच बरं होतं. ना तहकुबी, ना आतली खोली, ना चहा. कामं तरी होत होती.

मुंबैकर_फलाट_चार (८ मार्च, रात्री १०:३०)

भज्या, प्रशासक म्हणजे आयुक्तच. आयुक्त म्हणून विषय मांडायचा आणि स्थायी समिती म्हणून स्वतःच मान्य करायचा. १८७१ ला करदाते ज्याच्यावर खवळले तेच परत आणलं की. १६ जणांत एखादा तरी विरोधी पक्षाचा असतो, वर्तमानपत्राला कागद देतो. एकट्या माणसात विरोधी पक्ष कुठून आणायचा?

खतावणी (८ मार्च, रात्री १०:४०)

दोघांचंही थोडं बरोबर. प्रशासकाच्या काळात पुस्तक फुगायचे दोन टप्पे गळाले, हे खरं. पण ठेकेदाराचे दर जादा का, हे विचारायला समोर कुणी नव्हतं, हेही खरं.

कांदाभजी (८ मार्च, रात्री १०:५५)

पण कमान तर नगरसेवकांचीच. पैज लावा.

पागोळी (९ मार्च, संध्याकाळी ६:३०)

आज सोमवार, गेले होते. फाईल 'साहेबांच्या टेबलावर'. साहेब 'व्हीसीवर' (व्हिडिओ कॉन्फरन्स). पाच वाजले, रजिस्टर बंद. पण एक झालं, काकांनी सांगितलं तसं लेखाशीर्ष क्रमांक लिहून दिल्यावर बाकावरच्या बाई एकदम सरळ बसल्या. पुढच्या सोमवारी या म्हणाल्या.

जुना_टिपणीकार (९ मार्च, संध्याकाळी ७:१०)

जा. आणि फाईल शेवटच्या पानापासून वाचायला घ्या. खरं कारण नेहमी सगळ्यात खाली लावलेलं असतं.

पागोळी (१६ मार्च, संध्याकाळी ७:४५)

बघितली. सगळं लिहिते.

फाईल हिरव्या पुठ्ठ्याची, लाल फीत. जाडी माझ्या बोटाएवढी. वर वर्गीकरणाचा प्रस्ताव: 'सदर ठिकाणी पावसाळी वाहिनीचे काम तूर्त तातडीचे नसल्याने'. हे वाक्य वाचून मला आजींची फळी आठवली. त्याखाली प्रस्ताव सादर करणारे: आयुक्त. सही. पान उलटलं, स्थायी समितीचा ठराव, क्रमांक आहे, मान्य. सही. पुढे मुख्य सभेचा ठराव, मान्य. सही. तिन्ही सह्या एकसारख्या, तोच खाली ओढलेला शेपटा. फक्त शिक्का बदललाय, पहिल्यावर 'आयुक्त', पुढच्या दोन्हींवर 'प्रशासक'.

तारीख १८ नोव्हेंबर. तिन्ही कागदांवर एकच. मतदान झालं १५ जानेवारीला.

म्हणजे कांदाभजी, पैज हरलास. कुठलीही समिती बसलेली नव्हती. सोळा खुर्च्या रिकाम्या होत्या.

काका म्हणाले म्हणून शेवटून वाचत गेले. अगदी तळाला एक पत्र, 'चौकात भव्य स्वागत कमान व्हावी अशी नागरिकांची मागणी आहे.' छापील लेटरहेड, वर नाव, खाली 'नगरसेवक'. आणि त्या 'नगरसेवक'च्या आधी निळ्या पेनानं बारीक अक्षरात लिहिलंय: 'माजी'.

कांदाभजी (१६ मार्च, रात्री ८:००)

निळ्या पेनानं! मग निम्मी पैज तरी माझी.

तात्या_काँक्रीट (१६ मार्च, रात्री ८:१५)

जुनी लेटरहेडं संपवायची होती बिचाऱ्याला.

मुंबैकर_फलाट_चार (१६ मार्च, रात्री ८:२०)

ते माजी आता आजी झाले का?

पागोळी (१६ मार्च, रात्री ८:२५)

हो. आणि स्थायीत आहेत.

जुना_टिपणीकार (१६ मार्च, रात्री ८:५०)

मग उत्तमच. आता त्यांना निळ्या पेनाची गरज नाही, तुमच्यासाठी काळं पेन चालेल. नवं अंदाजपत्रक स्थायीतून मुख्य सभेत जाण्याआधी त्यांना लेखी पत्र द्या. पावसाळी लाईनसाठी उपसूचना द्यावी म्हणून. पत्राला ठराव क्रमांक, जुनं लेखाशीर्ष आणि पाणी तुंबल्याचे तारखेसह फोटो जोडा. त्यांच्याच पत्राची प्रतही जोडा. काही लिहू नका, नुसती जोडा. आणि नगरसचिव कार्यालयात आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.

पागोळी (१६ मार्च, रात्री ९:०५)

उद्याच जाते, सोबत आजींनाही नेते. फोटो त्यांच्याकडे आहेत, मांजरासकट. कमानीचं उद्घाटन गुढीपाडव्याला आहे, त्यामुळे साहेब गुरुवारपर्यंत शहरातच असतील.

मोगरा_७ (१६ मार्च, रात्री ९:१०)

आवक क्रमांक इथे टाक गं. आम्ही नोंद ठेवतो.